मामंजींचं अक्षर



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला भरते, ते जन्मभर भाषा शिकवत राहिले. शब्द आधी कानाने घ्यावा, मग डोळ्याने, हा त्यांचा आग्रह होता. त्याला धरून आज मी फळा वापरणार नाही. चिनी लिपीतून जपानीत आलेली कांजी अक्षरं मी तुम्हाला बोलूनच दाखवणार आहे. त्यातही सगळी नाहीत, फक्त माणसांची आणि नात्यांची.

जपान सरकारने नित्य वापरासाठी ठरवलेल्या यादीत २१३६ कांजी आहेत. त्यांतली १०२६ प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकवतात. पहिलीच्या ८० अक्षरांत माणूस, बाई, पुरुष आणि मूल ही चार येतात. दुसरीत घर भरतं: वडील, आई, थोरला भाऊ, थोरली बहीण, धाकटा भाऊ, धाकटी बहीण, मित्र. नवरा आणि नातू चौथीत येतात, बायको पाचवीत. सून आणि जावई माध्यमिक शाळेपर्यंत थांबतात. सासू आणि सासरे यांची अक्षरं तर त्या २१३६ मध्येही नाहीत. त्या दोघांकडे मी नंतर सावकाश येणार आहे.

सात वर्षांच्या जपानी मुलाला एक गोष्ट आपोआप कळते. थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ ही दोन वेगळी अक्षरं आहेत, नुसत्या भावाचं असं एकही अक्षर त्याला मिळत नाही. भाऊ म्हणायचं तर थोरल्याचं आणि धाकट्याचं अक्षर जोडून ‘क्योदाई’ लिहायचं. भाऊ आहे म्हटलं की तो वर आहे की खाली, हे त्याच श्वासात सांगावं लागतं.

आज मला जे सांगायचं आहे, ते असं. नात्यांची कांजी म्हणजे नात्यांची चित्रं, असं आपण शिकतो आणि शिकवतो. मला ती नोंदवही वाटते. कोणत्या काळी, कोणत्या समाजात, कोणी कोणाच्या पुढे आणि कोणी मागे उभं राहायचं, याची ती नोंद आहे. आणि ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी ते अक्षर कोण, कोणासमोर, कसं उच्चारतो त्यात असते. शिकणाऱ्याला हे दोन्ही हवं.

पहिल्याच अक्षरापासून सुरुवात करू. माणूस, म्हणजे ‘हितो’. दोन रेघा: डावीकडे कलत खाली आलेली एक लांब रेघ आणि तिला उजवीकडून टेकलेली दुसरी. १९७९ मध्ये जपानी टीव्हीवर ‘सान-नेन बी-गुमी किनपाची सेन्सेई’ ही शाळेवरची मालिका सुरू झाली. तिच्यातले मास्तर, म्हणजे ताकेदा तेत्सुया हा नट, वर्गाला सांगतात की माणसं एकमेकांना टेकून उभी असतात म्हणून हे अक्षर असं आहे. हा अर्थ घरोघर पोहोचला. आपल्याकडच्या जपानीच्या वर्गांतही तो ऐकू येतो.

या अक्षराचं सर्वांत जुनं रूप मात्र हाडांवर कोरलेलं आहे. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी चीनमध्ये शांग राजांच्या दरबारी बैलाच्या खांद्याच्या हाडावर किंवा कासवाच्या कवचावर कौल घेत आणि तिथेच प्रश्न कोरून ठेवत. ही हाडं १८९९ मध्ये विद्वानांच्या नजरेस आली. त्यांच्यावरचा माणूस एकटाच आहे. बाजूने पाहिलेला, जरासा वाकलेला, हात पुढे सोडलेला. तो कोणालाही टेकलेला नाही.

दोन माणसं दाखवायची असत तेव्हा त्या कोरणाऱ्यांनी दोन माणसंच काढली, आणि ती कशी काढली ते बघण्यासारखं आहे. एकाच दिशेला तोंड करून एकामागे एक उभी केली, तर अर्थ झाला मागोमाग जाणं, अनुसरणं. शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून, तर अर्थ झाला तुलना. पाठीला पाठ लावून उभी केली, की पाठ फिरवणं. एक सरळ आणि दुसरा उलटा, डोकं खाली पाय वर, तर बदलणं, रूप पालटणं. चौथ्या जोडीचा अर्थ असाच लावतात. माणसं दोनच, फरक फक्त कोणाचं तोंड कुठे आहे एवढ्याचा. मला ही चार अक्षरं साऱ्या कांजींमध्ये सर्वांत सुंदर वाटतात.

पाठीला पाठ लावलेली जोडी आज जपानीत ‘उत्तर दिशा’ या अर्थाने वापरतात. सूर्याकडे, दक्षिणेकडे तोंड करून बसलं की उत्तर पाठीशी येते, असा त्याचा खुलासा देतात. पण जुना अर्थ एका शब्दात जिवंत आहे. पराभवाला जपानीत ‘हाइबोकु’ म्हणतात, आणि त्यातलं दुसरं अक्षर उत्तरेचं आहे. नवा विद्यार्थी इथे हमखास अडतो. हरण्याचा उत्तरेशी काय संबंध? दिशेशी काहीच नाही. हरलेलं सैन्य पाठ दाखवून पळतं, ती ही पाठ आहे. आणि एकामागे एक चालणारी जोडी, तिच्यात पुढे आणखी अवयव मिसळून झालेलं अक्षर, आज चुलत-मामे भावंडांच्या नावात बसलेलं आहे. तिचीही आठवण ठेवा.

माणसाच्या अक्षराशेजारी दोनाचा आकडा लिहिला की होतं ते कन्फ्यूशियसच्या शिकवणीतलं सर्वांत मोठं मूल्य, करुणा किंवा मनुष्यत्व. हिरोहितो, अकिहितो, नारुहितो या तिन्ही सम्राटांच्या नावांच्या शेवटी हेच अक्षर आहे आणि त्याचा उच्चारही ‘हितो’ असाच होतो. टेकून उभ्या असलेल्या माणसांची गोष्ट सांगायची असेल, तर ती या अक्षरावर सांगावी. तिथे खरोखरच दोन आहेत.

गोष्टी सांगून अक्षरं पाठ करून घेण्याला माझा विरोध नाही. झाडाला टेकलेला माणूस म्हणजे विश्रांती, ही गोष्ट खरीही आहे आणि विसरताही येत नाही. अडचण येते ती नात्यांच्या अक्षरांत. ‘ओया’, म्हणजे आई किंवा वडील, हे अक्षर घ्या. डावीकडे वर ‘उभं राहणं’, त्याखाली ‘झाड’, उजवीकडे ‘पाहणं’. दूर गेलेल्या लेकराची वाट झाडावर चढून बघणारे आईबाप, असं सांगतात. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. पण अक्षर तसं घडलेलं नाही. उजवीकडचं ‘पाहणं’ अर्थ देतं, डावा भाग मुख्यतः उच्चार दाखवण्यासाठी आहे. बहुतेक कांजी अशीच आहेत, एक अंग अर्थाचं आणि एक अंग नादाचं. इसवी सन १०० च्या सुमारास शू शन या चिनी पंडिताने ५४० मूळ अंगांखाली हजारो अक्षरं लावून कोश रचला, तेव्हाच त्याने हा प्रकार वेगळा काढून दाखवला होता. झाडावरच्या आईबापांच्या गोष्टीने नुकसान असं होतं की माया हाच त्या अक्षराचा सगळा अर्थ वाटू लागतो. मग तेच अक्षर जवळीक, जिगरी मैत्री आणि ‘शिनसेत्सु’ म्हणजे आपुलकीची वागणूक या शब्दांत का आहे, हे उलगडत नाही. जवळून पाहणं, जवळचं असणं, हा त्याचा गाभा आहे. आईबाप त्यात बसतात कारण ते सर्वांत जवळचे.

बाईच्या अक्षराबद्दल तर फार जपून बोलायला हवं. छपराखाली बाई म्हणजे शांतता. बाई आणि मूल म्हणजे आवड. बाई आणि घर म्हणजे सून. मत्सर या शब्दाच्या दोन्ही अक्षरांत डावीकडे बाई, आणि ही दोन्ही अक्षरं २०१० मध्ये नित्य वापराच्या यादीत नव्याने घेतली गेली. माझ्या विद्यार्थिनी हे वाचून चिडतात आणि त्यांचं चिडणं मला योग्य वाटतं. लिपी घडवणाऱ्यांच्या मनातला समाज अक्षरात उतरलेला आहे, तो गोड करून सांगू नये.

पण त्याच विद्यार्थिनींना मी फू हाओची गोष्टही सांगते. बाई आणि केरसुणी मिळून विवाहित स्त्रीचं अक्षर होतं, नवराबायको या अर्थाच्या ‘फूफु’ या शब्दातलं दुसरं. केरसुणी पाहिली की झाडलोट करणारी बाई, असा निष्कर्ष लगेच निघतो. १९७६ मध्ये चीनमध्ये आन्यांगजवळ एक न लुटलेली कबर सापडली. शांग राजा वू दिंग याच्या राणीची, फू हाओची. तिच्या नावातला ‘फू’ केरसुणीच्या अक्षराने लिहिलेला आहे आणि ‘हाओ’ बाई-मूल या अक्षराने. कौलाच्या हाडांवर तिच्याबद्दलच्या नोंदी आहेत. ती सैन्य घेऊन मोहिमांवर जाई, एका नोंदीत तर तेरा हजार माणसांचा उल्लेख आहे. ती यज्ञविधी करी. कबरीत तिच्यासोबत शस्त्रं होती. शिराकावा शिझुका या जपानी अक्षरपंडितांच्या मते ही केरसुणी पूर्वजांच्या देवघराची शुद्धी करण्याची आहे, म्हणजे हे पद मानाचं आहे. तीन हजार वर्षांत तीच केरसुणी देवघरातून ओसरीवर आली असेल, तर तो इतिहास अक्षराच्या आकाराने नाही सांगितला, वापराने सांगितला.

आणि वापर बदलताही येतो. जपानीत परिचारिकेला ‘कांगोफु’ म्हणत, शेवटचं अक्षर हेच बाई-केरसुणीचं. पुरुष असेल तर शेवटचं अक्षर वेगळं. कायदा बदलला आणि मार्च २००२ पासून दोघांसाठी एकच शब्द आला, ‘कांगोशी’, शेवटी जाणकार किंवा गुरू या अर्थाचं अक्षर. इस्पितळातलं काम तेच राहिलं. कामाच्या नावातून बायको आणि केरसुणी दोन्ही गेल्या.

आता काका-मामांकडे येते. आपल्या मराठीत काका तो काका आणि मामा तो मामा. आत्या आणि मावशी यांची गल्लत कोणी लहान मूलही करत नाही. जपानी कानाला हे सगळे एक आहेत. काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, सगळे ‘ओजी’. आत्या, मावशी, काकू, मामी, सगळ्या ‘ओबा’. पण लिहायला बसलात की ओजीची दोन रूपं होतात. आईपेक्षा किंवा वडिलांपेक्षा मोठा असेल तर एक अक्षर, धाकटा असेल तर दुसरं. तोंडाने उच्चार एकच. वडिलांकडचा की आईकडचा, हे मात्र कागदही सांगत नाही. जो फरक आपल्याला जिवाचा वाटतो तो तिथे नाही, आणि जो आपण ‘मोठे काका, धाकटे काका’ असा वर जोडतो तो अक्षरातच कोरलेला.

चुलत, मामे, आते, मावस भावंडांचंही तसंच. सगळ्यांना ‘इतोको’. लिहिताना पहिलं अक्षर ते एकामागे एक चालणाऱ्या माणसांचं, आणि पुढे थोरला भाऊ, धाकटा भाऊ, थोरली बहीण किंवा धाकटी बहीण यांपैकी जे लागू असेल ते. जोड्याही होतात. डोळे मिटून ऐकलं तर एक शब्द, डोळे उघडून वाचलं तर कितीतरी. म्हणून मी विद्यार्थ्यांना स्वतःच्या घराचा वंशवृक्ष कांजीत लिहायला सांगते. मुलं घरी फोन लावतात, मामा आईपेक्षा मोठा की लहान हे विचारायला. त्याशिवाय ओजी लिहिताच येत नाही. त्या फोनांवर जे बोलणं होतं, त्यातून ही अक्षरं पक्की होतात.

सासऱ्यांना जपानीत ‘शूतो’ म्हणतात. अक्षर असं: वर उखळ, खाली पुरुष. सासूबाई ‘शूतोमे’: डावीकडे बाई, उजवीकडे ‘जुनं’. म्हातारी बाई ती सासू, असा अर्थ वर्गात कोणीतरी लावतंच. पण उखळ आणि ‘जुनं’ ही दोन्ही उच्चाराची अंगं आहेत. खरं नवल पुढे आहे. चिनी भाषेत सासऱ्याच्या या अक्षराचा अर्थ मामा असा आहे, आणि सासूच्या अक्षराचा अर्थ आत्या. एर्या नावाचा चीनमधला फार जुना शब्दार्थसंग्रह आहे. त्यात नात्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे आईचा भाऊ आणि नवऱ्याचे वडील यांना एकच नाव दिलं आहे. वडिलांची बहीण आणि नवऱ्याची आई यांनाही एकच.

इथे बसलेल्या अनेकींना मी पुढे काय म्हणणार ते कळलं असेल. मराठीत सासऱ्यांना आपण मामंजी म्हणत आलो. सासूला आत्याबाई म्हणणारी घरं आजही आहेत. मामाच्या घरी लेक दिली किंवा आत्याच्या घरी दिली, की मामाच सासरा होतो आणि आत्याच सासू. नवं नाव लागतच नाही. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या १९५३ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्र उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीतींच्या मध्ये कसा उभा आहे, मामाच्या मुलीशी लग्नाला इथे कशी पसंती आहे, हे मांडलं. चिनी अक्षरांच्या बाबतीत काही मानववंशशास्त्रज्ञांनी हाच तर्क केला: प्राचीन चीनमध्ये आते-मामे भावंडांची लग्नं होत असावीत आणि त्यांची खूण या दोन नावांत राहिली असावी. आपल्या मामंजींना ओळखणाऱ्या कोणालाही हा तर्क परका वाटणार नाही.

जपानने ही अक्षरं घेतली, पण मामा आणि आत्या हे अर्थ घेतले नाहीत. मामासाठी त्यांच्या तोंडात ‘ओजी’ होताच. उरला तो सासरा, उरली ती सासू. जपानी विद्यार्थी ही अक्षरं शिकतो तेव्हा त्यांच्यामागचा मामा त्याला दिसत नाही. मराठी विद्यार्थ्याला दिसू शकतो. आपल्या भाषेतून जपानीकडे जाणारी ही सरळ वाट आहे आणि ती आपल्या वर्गांत कोणी दाखवत नाही, याचं मला वाईट वाटतं. आपण इंग्रजी पुस्तकांवरून जपानी शिकतो. इंग्रजीत काका-मामा एक, दीर-मेहुणा एक. त्या चाळणीतून आलेली जपानी नाती आपण पाठ करतो आणि घरातलं धन घरात पडून राहतं.

आता अक्षराच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल. वडिलांचं अक्षर एकच. जुन्या रूपात ते हातात काही धरलेलं दाखवतं, कोणी म्हणतात दांडा, कोणी कुऱ्हाड. पण हे अक्षर परक्यासमोर स्वतःच्या वडिलांबद्दल बोलताना ‘चिची’ वाचायचं, आणि तुमच्या वडिलांबद्दल बोलताना पुढेमागे आदराची जोड देऊन ‘ओतोओसान’. आईचं तसंच, ‘हाहा’ आणि ‘ओकाआसान’. कचेरीत बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्या वडिलांना आदराचं क्रियापद लावलं तर ते जपानी कानाला खटकतं. आपले ते आतले, त्यांना नमतं ठेवायचं. आपण मराठीत बरोबर उलटं करतो. ‘आमचे वडील आले’ असंच म्हणतो, आणि परक्यासमोर तर जास्तच जपून म्हणतो. मराठी विद्यार्थ्याला ‘चिची’ म्हणताना जीभ अडखळते, कारण वडिलांचा मान कमी केल्यासारखं वाटतं. हा अडथळा व्याकरणाचा नाही, संस्काराचा आहे. तो मान्य करून हळूहळू सोडवायला हवा.

भाषाशास्त्रज्ञ सुझुकी ताकाओ यांनी १९७३ च्या ‘कोतोबा तो बुंका’ या पुस्तकात दाखवलं की जपानी घरात सगळे एकमेकांना सर्वांत धाकट्या मुलाच्या जागेवरून हाक मारतात. बायको नवऱ्याला ‘ओतोओसान’ म्हणते. नातवंड झालं की मुलगी स्वतःच्या वडिलांना ‘ओजीइसान’, आजोबा, म्हणू लागते. वर जाणारी नाती हाकेत वापरता येतात, खाली येणारी नाही. थोरल्याला ‘दादा’ अशी हाक आहे, धाकट्याला नात्याने हाक नाही, त्याचं नाव घ्यायचं. हे आपल्याही घरात आहे, फक्त कोणी इतकं नीट मांडून दाखवलं नव्हतं.

शेवटी नावाबद्दल, कारण नात्यांची सारी नोंद जपानात ‘कोसेकी’ या कुटुंबपत्रकात होते. १८७१ च्या कायद्याने ते देशभर आलं. आडनावाच्या कांजीत बाई आणि जन्म ही दोन अंगं आहेत. चीनमधल्या काही अतिप्राचीन कुळनावांतही बाईचं अंग दिसतं. आजच्या जपानी दिवाणी कायद्याच्या ७५० व्या कलमानुसार लग्नानंतर दोघांचं आडनाव एक असावं लागतं, कोणाचं ते दोघांनी ठरवायचं. प्रत्यक्षात दहातल्या नऊंहून अधिक जोडप्यांत बाईचं बदलतं. २०१५ आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनेला धरून असल्याचं सांगितलं. ज्या स्त्रियांना आपलं आडनाव ठेवायचं आहे त्यांची मागणी मला न्याय्य वाटते, आणि ती थांबलेली नाही.

या कोसेकीत दीडशे वर्षं नावाची फक्त अक्षरं होती, उच्चार नव्हता. एकाच जोडीची कांजी चार घरांत चार प्रकारे वाचली जातात, आणि आईबापांनी ठरवलेला उच्चार सरकारी कुटुंबपत्रकाला ठाऊकच नसायचा. २६ मे २०२५ पासून उच्चाराची नोंद सुरू झाली. तुमच्या नावाचा उच्चार आम्ही असा धरला आहे, असं पत्र नगरपालिकांनी लोकांना घरी पाठवलं. तो बरोबर नसेल तर कळवायला एक वर्षाची मुदत दिली.